मटक्याची पेढी आणि गिरणगाव

गुन्हेगारांची टोळी म्हटली की सुरा आणि दहशत यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु गरिबांच्या वस्तीत खोल मूळ धरणाऱ्या गुन्हेगारीच्या हाती पुष्कळदा सुरा नसतो. कागदाची चिठ्ठी आणि पेन्सिल असते. मुंबईच्या मटक्याचा इतिहास याची साक्ष देतो.

न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत पूर्वी पैजा लागत. १९६१ च्या सुमारास हा आधार तुटला. पुढे १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत, आणि १९६४ साली रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे, हा धंदा नव्या रूपाने उभा केला. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढीत, म्हणून त्यास मटका हे नाव पडले. कालांतराने चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्त्यांच्या बेरजेतील एकम स्थानचा अंक तो ‘ओपन’. पुन्हा तीन पत्ते, तो ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’.

परळ, लालबाग, वरळी येथील गिरणीकामगार या पेढीचे मोठे आश्रयदाते होते. रत्नागिरी-सावंतवाडीकडून आलेल्या त्या माणसाचा पगार महिन्यास एकदा होई. बँकेच्या दारात त्यास कोणी उभे करीत नव्हते. मटकेवाला मात्र चाळीच्या तोंडाशीच बसे, चार आणेही घेई, आणि आकडा फुटला तर पैसे बिनतक्रार मोजून देई. बेकायदा व्यवहारातील हा चोख शब्दच त्या धंद्याचे खरे भांडवल होय.

आता हिशेब पाहू. शून्य ते नऊ या दहा अंकांपैकी एकावर रुपया लावावा, लागल्यास नऊ मिळावेत, हा प्रचलित भाव. दहाही अंकांवर एकेक रुपया आला, तर दहा जमतात, नऊ परत जातात, एक पेढीत राहतो. यात लबाडीची गरजच नाही! वस्तीचा पैसा रोज असा झिरपत जातो, आणि वाण्याची उधारी मात्र घरातील स्त्रीच्या माथी बसते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लक्ष कामगारांच्या संसारांवर संकट कोसळले. गिरणीचा भोंगा थांबला. आकडा थांबला नाही. बेकारास चिठ्ठ्या गोळा करण्याचे काम आणि त्यावरील दलाली तोच धंदा देऊ शकत होता. ज्याला लुटले, त्यालाच चाकरीस ठेवले!

मुंबईत १८८७ चा जुगारविरोधी कायदा होता, गोव्यात १९७६ चा आला. तरी गोवा-बेळगाव भागांत मटक्याच्या धाडींच्या वार्ता येतच असतात. आमच्या देवस्थानांसही हा विषय परका नाही. स्वप्नातून, साधूच्या बोलण्यातून, किंबहुना देवाच्या कौलातूनही आकडा शोधणारे भाविक आपण पाहिलेले आहेत. त्यांस आम्ही उपदेश करतो. परंतु मुलीच्या फीसाठी शे-दोनशे रुपये अडले, तर तो कोणाच्या दारी जातो, हे आम्ही विचारले आहे काय? मटकेवाल्याने ओळखलेली गरज देवळाच्या महाजनांनी व सहकारी पतपेढ्यांनी ओळखली नाही, तर दोष एकट्या जुगाऱ्याचा म्हणता येणार नाही, असे आम्हांस वाटते.