एका फोडाचीं नांवें

मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' यांत अंतर थोडेंच आहे. कातडीवरील ज्या एका फोडाचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों, त्याच्या बाबतींत तर तेंही उरलें नाहीं. अलेप्पो शहरांत तो दिसला, तेव्हां त्यास अलेप्पोचा फोड म्हणूं लागले. बगदादेंत बगदादचा, अल्जीरियांतील बिस्क्रा येथें बिस्क्र्याचा, आणि आपल्या दिल्लींत दिल्लीचा. पुष्कळांनीं दोष दिला तो तेथल्या पाण्याला. रोगास नांव मिळालें आणि गांवास बट्टा लागला. आम्ही वैद्य नाहीं, इतिहासाचे अध्यापक आहों. परंतु चुकीच्या नांवामुळें ज्ञान किती काळ अडून राहतें, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या वाचनांत क्वचितच आलें आहे.

या दुखण्याचें स्वरूप असें: तोंड, हात, पाय अशा उघड्या अंगावर प्रथम एक बारीक पुटकुळी येते. ती हळूहळू वाढते, फुटते, तिच्यावर खपली धरते, आणि कित्येक महिने, प्रसंगीं वर्षाहून अधिक काळ चिघळून बहुधा आपोआप बरी होते. जीव जात नाहीं. पण वण जन्मभर राहतो. एकदां बरा झालेला हा फोड सहसा पुनः होत नाहीं, हें पश्चिम आशियांतील आयांनीं डॉक्टरांच्या कितीतरी आधीं ओळखलें होतें. मुलाचें तोंड पुढें विद्रूप होऊं नये म्हणून त्या दुसऱ्याच्या फोडांतील लस त्याच्या झांकलेल्या अंगावर मुद्दाम टोंचीत.

डॉक्टरांची वाट अधिक वळणाची होती. १८८५ मध्यें कलकत्त्यास डेव्हिड कनिंगहॅम यांनीं दिल्लीच्या फोडांतील सूक्ष्म पिंड पाहिले, पण ते काय आहेत हें त्यांस नीट उमगलें नाहीं. १८९८ मध्यें ताश्कंदच्या बोरोव्स्की यांनीं ते एकपेशीय प्राणी असल्याचें ओळखलें. त्यांचा लेख रशियन भाषेंत असल्यामुळें पश्चिमेकडे तो दीर्घकाळ अज्ञात राहिला. मग १९०३ सालीं सर्व धागे एकदम जुळले. कलकत्त्याजवळील डमडम येथें ज्वर जडलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेंत पाहिलेल्या पिंडांचें वर्णन लीशमन यांनीं प्रसिद्ध केलें. मद्रासेस डोनोव्हन यांस तेच आढळले. आणि रोनाल्ड रॉस यांनीं दोघांचींही नांवें जोडून काळ्या आजाराच्या या जंतूस 'लीशमानिया डोनोव्हनी' म्हटलें. त्याच वर्षीं बॉस्टनमध्यें राइट यांस एका आर्मेनियन मुलाच्या फोडांत तसेच पिंड दिसले. त्या जंतूस पुढें 'लीशमानिया ट्रॉपिका' हें नांव रूढ झालें.

येथें एक मौजेची अडचण होती. सूक्ष्मदर्शकाखालीं हे दोन्ही जंतु सारखेच दिसत. मग भेद ठरला तो रोगावरून: प्लीहेंत शिरून प्राण घेतो तो डोनोव्हनी, कातडीवर वण ठेवून जातो तो ट्रॉपिका. म्हणजे ज्या जंतूनें रोगाचा उलगडा करावयाचा, त्याचीच ओळख रोगावरून पटवावयाची!

पाणी मात्र निर्दोष ठरलें. १९२१ मध्यें सेर्जां बंधु व त्यांचे सहकारी यांनीं बिस्क्र्याच्या वाळूमाशा अल्जिअर्सला नेऊन वाटल्या, तो रस खरवडलेल्या कातडीवर चोळला, आणि तेथें फोड उठला. १९४१ मध्यें पॅलेस्टाइनमध्यें अॅडलर व बेर यांनीं माशीच्या प्रत्यक्ष दंशानें तो उठवून दाखविला. त्याच वर्षीं तुर्कमेनियांत लातिशेव्ह व क्रियुकोवा यांनीं वाळवंटी उंदरांच्या बिळांशीं त्याचा संबंध लावला. शहरांतला कोरडा फोड माणसाकडून माणसाकडे जातो, वाळवंटांतला ओला फोड उंदरांकडून येतो, आणि दोहोंचे जंतुही वेगळे, हें हळूहळू स्पष्ट झालें. ओल्या फोडाच्या जंतूस आज 'लीशमानिया मेजर' म्हणतात.

२००५ मध्यें या मेजरच्या ३६ गुणसूत्रांचा संपूर्ण पाठ प्रसिद्ध झाला. परंतु जुन्या व्याख्येस खरा धक्का बसला तो श्रीलंकेंत. तेथें १९९२ मध्यें स्थानिक लागणीचा पहिला फोड नोंदला गेला, मग अनेक नोंदले गेले. आणि २००३ मध्यें सिद्ध झालें कीं, त्यांतील जंतु ट्रॉपिका नसून डोनोव्हनी, म्हणजे बिहारांत प्राण घेणाऱ्या जंतूचाच भाऊबंद आहे. २००५ मध्यें हिमाचल प्रदेशांतील सतलजच्या खोऱ्यांतून १६१ रोग्यांचा वृत्तांत आला. तपासलेल्या नमुन्यांत डोनोव्हनी व ट्रॉपिका दोन्ही सांपडले. २०१५ मध्यें आमच्या सह्याद्रीच्याच दक्षिण टोंकाशीं, केरळांतील अगस्त्यमलाईच्या अरण्यांत, आदिवासींच्या फोडांतही डोनोव्हनीच निघाला. उलट राजस्थानांत, बिकानेरकडे, अजून ट्रॉपिकाचेंच राज्य आहे. व्रण पाहून जंतु ओळखण्याचे दिवस संपले.

कोणी म्हणेल, जीव न घेणाऱ्या फोडाची एवढी मीमांसा कशाला? आमचें उत्तर असें. काळा आजार आटोक्यांत येत आहे, ही या उपखंडाची मोठीच कमाई होय. प्रत्येक तालुक्यांत दर १०,००० वस्तीमागें वर्षाला एकाहून कमी रोगी, ही आपली कसोटी आहे, आणि २०२३ मध्यें बांगलादेशाचें यश जागतिक आरोग्य संघटनेनें मान्यही केलें. अशा वेळीं डोनोव्हनी वेश पालटून दूरच्या डोंगरांत व रानांत, गरिबांच्या कातडीवर नांदत असेल, तर त्यास 'साधा फोड' म्हणून सोडून देणें परवडणार नाहीं. हा सौम्य झालेला जंतु पुनः उग्र होईलच असें आम्ही म्हणत नाहीं. पण २००९ मध्यें प्रयोगशाळेंत असें दिसलें आहे कीं, मेजरच्या दोन भिन्न वाणांचा माशीच्या पोटांत संकर होऊं शकतो. सीमा आम्ही आंखतों. जंतु त्या पाळण्यास बांधलेला नाहीं.

दिल्लीच्या फोडास दिल्लीचें नांव देणारे लोक मूर्ख नव्हते. डोळ्यांस जें दिसलें त्यास त्यांनीं नांव दिलें. चूक झाली ती, नांव दिल्यावर पाहणें थांबलें तेव्हां. म्हणून डोंगरांतल्या एखाद्या दवाखान्यांत गालावरचा न भरणारा फोड घेऊन कोणी बाई येईल, तेव्हां तिला नुसतें मलम देऊन परत पाठवूं नये. त्या फोडांतला चिमूटभर अंश तपासणीस जावा. तिच्या गालाचें हित त्यांत आहे, आणि तिनें कधीं न पाहिलेल्या बिहारांतील खेड्यांचेंही असूं शकेल.