एका घरात दोन गाद्या

पुण्यास शिकणारा माझा मुलगा गेल्या दिवाळीत मेढ्याला आला, तो एक बेत घेऊनच. माजघरातल्या जुन्या संगणकावरून विंडोज काढून टाकायचे आणि तिथे लिनक्स बसवायचे! मी विचारले, "अरे, आणि आजोबांची टिपणे?"

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर जावळीच्या इतिहासाची टिपणे त्या संगणकावर लिहिली. फाँट जुन्या वळणाचा. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे. तो फाँट नसला, की चंद्रराव मोऱ्यांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राही. ज्या प्रोग्रॅममध्ये ती लिहिली, तोही विंडोजवरच चाले. वडील गेले, टिपणे मागे राहिली. पोराच्या हौसेपायी ती गमावण्याची माझी तयारी नव्हती.

"मग बाबा, वारणेचा तह करू," तो म्हणाला.

इतिहासवेड्या माणसाला याहून मोठी लाच कोणती? शाहू महाराज १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आले, १७०८ साली साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला, आणि पुढे भोसल्यांच्या एका घरात दोन गाद्या झाल्या. भाऊबंदकी वीस वर्षांहून अधिक चालली. अखेर १३ एप्रिल १७३१ रोजी शाहू महाराज आणि त्यांचे चुलतबंधू कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यात तह झाला. वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरकडे गेला. नदी हीच सरहद्द ठरली.

संगणकाच्या डिस्कवरही अशीच सरहद्द आखता येते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. १९८३ साली आयबीएमने दहा मेगाबाइटची डिस्क असलेला एक्सटी संगणक काढला. तेव्हापासून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ६४ बाइटांचे एक वाटणीपत्र असे. वाटेकरी चार. प्रत्येक वाट्यात निराळा कारभारी नांदू शके. दोन गाद्यांहून फरक इतकाच, की एका वेळी एकच कारभारी जागा असतो.

हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली लिनक्स रचले, तेव्हा त्याच्या डिस्कवर मिनिक्स आधीच नांदत होते. एकदा मोडेमकडे जायचा मजकूर चुकून डिस्कवर गेला आणि मिनिक्सचा वाटा नासला! ही हकीकत ऐकली मात्र, मी सगळ्या टिपणांची आधी पेन ड्राइव्हवर नक्कल करायला लावली.

मग विंडोजचा वाटा आखडून मोकळ्या जागेत लिनक्स बसवले. तेवढ्यात वीज जाऊ नये, म्हणून सौभाग्यवती देवापुढे निरांजन लावून आल्या. दाराशी 'ग्रब' नावाचा दारवान बसला. तो १९९५ साली एरिक बोलिनने लिहायला घेतला होता. विंडोज आधी आणि लिनक्स मागून, हाच क्रम सोयीचा. उलट केले, तर जुन्या यंत्रांत विंडोज त्या दारवानाला हुसकून स्वतःचा माणूस बसवते.

यंत्र पुन्हा सुरू झाले. पडद्यावर दोन नावे उमटली. मी विंडोज निवडले, टिपणे उघडली. चंद्रराव मोरे जागच्या जागी होते.

परंतु तह चिरकाल टिकत नाहीत. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ साली खालसा केली. कोल्हापूरचे संस्थान १९४९ पर्यंत राहिले. आमच्या जुन्या विंडोजचेही कधीतरी तसेच होणार. म्हणून मुलगा आता ती टिपणे युनिकोडमध्ये उतरवतो आहे. देवनागरीला तिथे १९९१ पासूनच स्थान आहे. तो पुण्याहून पाने पाठवतो, मी रात्री लिनक्स उघडून वडिलांच्या ओळी वाचतो. एखाद्या शब्दाची शंका आली, की यंत्र बंद करून पुन्हा जुन्या दाराने आत जातो.