वास, बाटली आणि पुरावा

गोव्याच्या माणसाला दारूबंदी कायदा भेटतो तो पत्रादेवी ओलांडल्यावर, बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या नाक्यावर. गाडी थांबते, डिकी उघडते. हा कायदा १९४९ सालचा. तो आला तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. इथे फेणी उघड विकली जाई, आणि तीच बाटली सीमेपलीकडे मुंबई राज्यात गेली की गुन्हा होई.

कायद्याचे जाळे बारीक होते. दारू पिणे, वापरणे, बाळगणे आणि वाहून नेणे हे सारे कलम ६६ च्या एकाच पोटकलमात. सापडलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर कायदा गुन्हा गृहीत धरी. माल नेणारी बैलगाडी, मोटार, होडीही जप्त होऊ शके.

या जाळ्याला पहिले भोक पडले २५ मे १९५१ रोजी. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी वैध ठरवली, पण अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने तिच्यातून वगळली. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी मुंबईत कुलाब्याला एका जीपचा अपघात झाला. चालक बेहराम पेसिकाका हे स्वतःच प्रादेशिक परिवहन अधिकारी. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. ते म्हणाले, मी औषध घेतले होते. मॅजिस्ट्रेटने सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. पोटातली दारू बंदी असलेलीच होती हे सरकारने सिद्ध करायचे, आरोपीने नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ.

सरकारने त्यावर उपाय काढला. १९५९ च्या दुरुस्तीने रक्ततपासणी आणली. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल सापडले, की ते औषधातले हे आरोपीने दाखवायचे. ओझे पुन्हा त्याच्याच डोक्यावर.

मला यात बोचते ते वेगळेच. पेसिकाका अधिकारी होते, दिल्लीपर्यंत अपील नेऊ शकले. रात्री सीमा ओलांडणाऱ्या गाडीवानाला ते कसे परवडावे? मॅजिस्ट्रेटचा शब्द हाच त्याचा शेवटचा निकाल. पुराव्याचे ओझे कुणी उचलायचे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सगळ्यांसाठी सारखा असतो. तो वरच्या कोर्टात विचारण्याची ऐपत मात्र सगळ्यांकडे नसते.