पडद्याच्या दोन्ही बाजूंचे समीक्षक

कोयना-केरेच्या संगमावर वसलेल्या पाटणचा सिनेमाशी जुना संबंध दोन वाटांनी आला: जत्रेतून आणि मुंबईतून. डोंगरातल्या शेतीवर घर चालेना, म्हणून इथली माणसं गिरण्यांत आणि गोदीत गेली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात मराठी चित्रपट, तर हनुमान थिएटरात तमाशा पाहणारा हा कामगारवर्ग जत्रेला गावी परतायचा, तेव्हा पिशवीत खाऊ असायचा आणि तोंडी ताजी मतं. 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला, त्यात अशा तोंडी शिफारशींचाही वाटा असावा.

बनपुरीजवळच्या नाईकबाची यात्रा चैत्रात, शेजारच्या तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाची पौषात. अशा यात्रांनीच टुरिंग टॉकीजला जगवलं. ट्रकमधून तंबू, पडदा, प्रोजेक्टर यायचा. गर्दी झाली की लोक पडद्याच्या मागेही बसत. तिथून चित्र उलटं दिसे: नायकाची तलवार डाव्या हातात, पाटीवरची अक्षरं आरशातली.

रीळ बदलताना अंधार पडला की खरी समीक्षा सुरू होई. खलनायकाला शिव्या, गाण्याला शिट्ट्या, रटाळ प्रसंगाला आरडाओरडा. ही शिस्त तमाशाच्या फडातली. तिथे आवडलेल्या लावणीवर दौलतजादा होई आणि न आवडलेल्या वगाला प्रेक्षक उठून जात. वृत्तपत्री परीक्षणांइतकंच मोल या मतांना द्यायला हवं. पुढच्या जत्रेत कोणता चित्रपट आणायचा, हे तंबूमालक त्यांवरूनच ठरवत.