निरीश्वर नीती आणि सत्ता

ईश्वराची आज्ञा किंवा परलोकातील शिक्षेचे भय यांचा आधार न घेता चांगले-वाईट ठरवता येते आणि कायदा, न्यायालय व राज्य यांचा अधिकारही त्या आधाराविना टिकतो, असे मानणारी विचारसरणी. यात दोन प्रश्न आहेत. देव न मानणारा माणूस सचोटीने वागेल काय? आणि देवाला साक्षी न ठेवणाऱ्या सत्तेला लोकांनी का मानावे? पहिल्यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. दुसऱ्याचा निकाल मुख्यतः सभागृहांत लागला.

एखादी गोष्ट देवाला प्रिय म्हणून पवित्र, की पवित्र म्हणून देवाला प्रिय, हा पेच प्लेटोने ‘युथिफ्रो’ या संवादात मांडला. दुसरा पर्याय स्वीकारला, की नीती देवाच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. पुढे कांटने नीतिनियमांचा उगम मानवी विवेकात दाखवला. मात्र सदाचार आणि सुख यांचा अखेर मेळ बसावा यासाठी ईश्वराचे गृहीतक त्यालाही सोडवले नाही.

सत्तेच्या प्रश्नाची गाठ शपथेत होती. सहिष्णुतेचा पुरस्कर्ता जॉन लॉक १६८९च्या पत्रात नास्तिकांना मात्र सवलत देत नाही, कारण देव न मानणाऱ्याला वचन, करार आणि शपथ बांधून ठेवत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. या समजुतीची खरी परीक्षा चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या वेळी झाली. ते उघड नास्तिक. १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आल्यावर त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा मागितली. ती नाकारली गेली. मग शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाची शपथ पोकळ म्हणून तीही घेऊ दिली नाही. जूनमध्ये त्यांना सभागृहाच्या घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेत ठेवण्यात आले. नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी पोटनिवडणुकांत त्यांनाच पुन्हापुन्हा निवडून दिले. १८८६ मध्ये ते अखेर आसनावर बसले आणि १८८८ मध्ये प्रतिज्ञेचा हक्क कायद्याने मान्य झाला. ज्यांच्या शब्दावर सभागृहाचा विश्वास नव्हता, त्यांच्यावर मतदारांचा होता, आणि निर्णायक ठरला तो मतदारांचा विश्वास. १८८९ मध्ये मुंबईतील काँग्रेस अधिवेशनाला ब्रॅडलॉ पाहुणे म्हणून आले होते.

भारतीय परंपरेत जैन व बौद्ध विचारांनी सृष्टिकर्त्या ईश्वराविना कडक आचारधर्म सांगितला. वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची भूमिका अधिक विचार करायला लावणारी आहे. त्यांच्यातील कुमारिलभट्टांनी सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे खंडन केले, पण वेद अपौरुषेय ठरवून त्यांचे प्रामाण्य अबाधित राखले. म्हणजे देव वजा केला तरी सत्ता पूर्वीइतकीच कठोर राहू शकते, आणि वर्णव्यवस्थेला त्याने धक्काही लागत नाही. देवाविना सत्ता कठोर राहते, हे सोव्हिएत राज्यानेही विसाव्या शतकात दाखवले. सत्तेला जाब विचारता येतो की नाही, ही कसोटी ईश्वर आहे की नाही यापेक्षा महत्त्वाची आहे, असे या उदाहरणांवरून स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात ही कसोटी सर्वांत निर्भीडपणे लावली गोपाळ गणेश आगरकरांनी (१८५६–१८९५). मिल व स्पेन्सर यांच्या वाचनातून घडलेले आगरकर अज्ञेयवादी होते. ‘देवतोत्पत्ती’ या निबंधात त्यांनी देवकल्पनेचा उगम माणसाच्या भयात आणि अज्ञानात शोधला. १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’मधून ते प्रत्येक रूढीला तिचे कारण विचारत राहिले. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात शास्त्रवचनांची लढाई चालू असताना मुलीच्या जिवाचा आणि सुखाचा प्रश्न त्यांनी शास्त्राच्या वर ठेवला. १८९१च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. परलोकाची आशा नसलेल्या या माणसाने तुटपुंज्या पगारावर शिक्षणाचे व्रत पत्करले आणि ते मोडले नाही. देवाच्या भयाविना चारित्र्य टिकत नाही म्हणणाऱ्यांनी आगरकरांचे आयुष्य पाहावे.

सत्तेच्या प्रश्नाचे भारतीय उत्तर १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत मिळाले. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी दुरुस्ती हरि विष्णू कामत यांनी मांडली. रोहिणीकुमार चौधरींनी देवाऐवजी देवीचे नाव सुचवले. थाणू पिल्ले यांनी ही श्रद्धेची सक्ती ठरेल असा आक्षेप घेतला. हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला. ईश्वराला मतदानात ओढू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना केली. कामत अडून राहिले. दुरुस्तीच्या बाजूने ४१, विरुद्ध ६८ मते पडली. समितीत श्रद्धाळूंची वाण नव्हती. तरीही राज्याचा अधिकार ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांवरच उभा राहिला. हा निर्णय योग्यच होता. ईश्वराचे नाव घातले असते तर कोणाचा ईश्वर, हा वाद पहिल्या ओळीपासून सुरू झाला असता, आणि चौधरींच्या सूचनेत तो दिसलाच होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात घटनात्मक नीतीचा, म्हणजे घटनेचा आदर राखून वागण्याच्या वृत्तीचा, मुद्दा मांडला होता: ही वृत्ती उपजत नसते, ती जोपासावी लागते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात इतर धर्मांत देवाला असलेली जागा धम्मात नीतीला आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, आमदार-खासदार आणि न्यायाधीश यांना ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय आहेत. १९६९च्या शपथ कायद्याने साक्षीदारालाही तीच मुभा आहे. साक्ष खोटी निघाली, तर शपथ घेणारा आणि प्रतिज्ञा करणारा या दोघांना लागू होणारा कायदा एकच आहे.