एका आठवड्याचे अंतर

परवा रविवारी जेवणे आटोपली आणि टीव्हीवर 'शूटआऊट अॅट वडाला' लागला. २०१३ सालचा संजय गुप्ता यांचा हा सिनेमा हुसेन झैदी यांच्या 'डोंगरी टू दुबई' या पुस्तकावर बेतलेला आहे. घरातली मुले गोळीबार मोजत होती, आणि मी मात्र एका तारखेपाशी अडकून पडलो.

सिनेमातला मन्या सुर्वे हा साधा कॉलेजातला मुलगा, सावत्र भावाच्या भांडणापायी तुरुंगात जातो. खरा मनोहर अर्जुन सुर्वे रत्नागिरी जिल्ह्यातल्या रणपारचा, दादरच्या कीर्ती कॉलेजचा पदवीधर. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेली असताना १९७९ साली तो निसटला. पुढे पठाण टोळीशी त्याचे सूत जमले. फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ साबीर मारला गेला, आणि ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांनी मन्याला टिपले. मुंबईतली पहिली पोलीस चकमक म्हणून तिचाच उल्लेख होतो. सिनेमा इथे संपतो.

मला अडवले ते पुढच्या सोमवारने. १८ जानेवारी १९८२! त्याच दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉक्टरही कोकणचेच, मालवणजवळच्या देवबागचे. आमचा मामा पेडण्याहून परळला गेलेला, साच्यावर काम करायचा. १९८३ साली एक ट्रंक आणि गिरणीचा बिल्ला घेऊन तो घरी परतला. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आई सांगते, तो वर्षभर कोणाशी धड बोललाच नाही.

आता संपामुळे टोळ्या जन्मल्या असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. मन्या संपाच्या आधीच गेला होता. पण गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर लालबाग-परळच्या चाळींत जी रिकामी पोरे उरली, ती टोळ्यांना आयती मिळाली. महेश मांजरेकरांनी २०१० साली 'लालबाग परळ'मध्ये हेच दाखवले. त्यामागे जयंत पवारांचे 'अधांतर' नाटक होते.

आणि खरी लढाई तर जमिनीची होती. मी कचेरीतला माणूस, फायलीवरचे एखादे कलम किती माणसांना पुरून उरते ते जाणतो. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरण्यांच्या जमिनीवर बांधकाम करायची वाट मोकळी झाली. बदल्यात काही भाग मोकळ्या जागेसाठी आणि काही घरांसाठी द्यायचा, असे ठरले. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. एवढ्याशा बदलाने सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन कितीतरी घटली. त्या काळात गोळ्या कोणावर झाडल्या गेल्या पाहा. ७ मे १९९४ रोजी गिरणी मालक सुनीत खटाव, १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत स्वतः दत्ता सामंत. मालकही गेला, पुढारीही गेला, आणि जमिनीवर टॉवर उभे राहिले.

टोळीयुद्धाचा सिनेमा आपल्याला सांगतो की हे दोन भावांचे, दोन टोळ्यांचे, एका पोरीचे आणि अपमानाचे वैर. पाहायला बरे वाटते, कारण त्यात दोषी कोण ते कळते. ५८ व्या नियमाला चेहरा नसतो, त्याच्यावर कोणी सिनेमा काढत नाही.

मामा आता नाही. त्याचा बिल्ला आईच्या कपाटात, देवाच्या जुन्या टाकांसोबत आहे. त्या रविवारी मी तो काढून मुलांना दाखवला. धाकट्याने विचारले, "मामाआजो गँगमध्ये होता?"

नाही रे बाबा. तो फक्त कामावर होता.