फिरंगी रोग आणि कर्करोगाचे सोंग

सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' लिहिला, तेव्हा जुन्या संहितांत नसलेला एक रोग त्याला नव्याने नोंदवावा लागला. नाव दिले 'फिरंग रोग', कारण तो फिरंग्यांबरोबर आला. म्हणजेच सिफिलिस; आपल्या बोलीत गरमी. औषधांत त्याने पारा आणि चोपचिनी सांगितली. याच चोपचिनीबद्दल गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे.

या रोगाची खोड अशी, की तो सोंगे फार घेतो. पहिला व्रण ओठावर वा जिभेवर उठला तर कर्करोगच वाटावा. वर्षानुवर्षांनी येणारी 'गमा' नावाची गाठ तर हमखास फसवी. १८३०च्या दशकात डब्लिनच्या विल्यम वॉलेसने पोटॅशियम आयोडाइड रूढ केले आणि शस्त्रवैद्यांना एक कसोटी मिळाली. जीभ कापण्याआधी काही आठवडे ते द्यायचे. गाठ विरघळली तर गरमी, नाहीतर कर्करोग. कित्येकांच्या जिभा त्यामुळे वाचल्या असतील, पण ज्यांना खरोखर कर्करोग होता त्यांचे तेवढे आठवडे फुकट गेले. शिवाय कधी कधी दोन्ही रोग एकाच जिभेवर असत!

जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ साली बसला. बर्लिनच्या डॉक्टरांनी कर्करोग सांगितला. लंडनहून बोलावलेले मॉरेल मॅकेन्झी पटले नाहीत, आणि घशातला तुकडा तपासणाऱ्या फिरखोव्हलाही कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. मग युवराजाला गरमी असल्याची कुजबुजही झाली. नोव्हेंबरात कर्करोगच आहे हे मान्य करावे लागले. मार्च १८८८ मध्ये तो सम्राट झाला आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला वारला.

१९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांना या रोगाचा जंतू दिसला, १९०६ साली वासरमनची रक्ततपासणी आली. खरे तर घोळ तिथेच संपायला हवा होता. पण तपासणी करायची तर आधी शंका यावी लागते, आणि पन्नाशीच्या प्रतिष्ठित गृहस्थाला, पत्नी शेजारी बसलेली असताना, तो प्रश्न विचारणार कोण? आपल्या मंडळींत तर डॉक्टरच आधी संकोचतो. आजही काखेतल्या-जांघेतल्या गाठी लिम्फोमा समजून, किंवा गुदाशयातली गाठ कॅन्सर समजून बायोप्सीला गेल्याच्या आणि अखेर पेनिसिलिनने विरून गेल्याच्या हकिकती वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतात.